गुटगुटीत ते ‘ढोल्या’

बाळ अंगाने भरलं की आजी म्हणते, ‘बाळसं छान धरलंय.’ सुदृढ बालक स्पर्धेत त्याला बक्षीसही मिळतं. तेच मूल पाचवीत गेलं की वर्गात ‘ढोल्या’ होतं, आणि तीच आजी त्याच्या ताटातला इंद्रायणीचा भात काढून घेते. मावळातल्या कुठल्याही घरात हे घडतं. कालपर्यंत ज्याचं कौतुक झालं त्याच अंगाची आज लाज का वाटावी, हे त्या मुलाला कुणी समजावत नाही.

आता वजनाचं गणित. मोठ्या माणसाला वजन उतरवावं लागतं. वाढत्या मुलाचं बहुतेकदा आहे तिथे थोपवलं तरी भागतं. समजा, उंची 140 सेंटिमीटर, वजन 45 किलो. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय येतो सुमारे 23. वर्षभरात उंची 6 सेंटिमीटरने वाढली आणि वजन 45 वरच राहिलं, तर तो 21 च्या आसपास उतरतो. एक किलोही न घटता! पण काट्यावर तोच आकडा दिसल्यावर मुलाला वाटतं, आपण नापास झालो. म्हणून काट्याची नोंद डॉक्टर आणि पालकांनी ठेवावी, आणि मुलाला वाढलेली उंची दाखवावी.

हा 23 मोठ्यांच्या तक्त्यात मात्र शोधू नये. 5 ते 18 वर्षांसाठी भारतीय मुलांचे वेगळे आलेख आहेत; 2015 मध्ये ते सुधारले गेले, त्या कामात पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकरांचा मोठा वाटा. त्यांत वयानुसार आणि मुलगा-मुलगीनुसार जास्त वजनाची रेषा बदलते.

आणि आरसा तर याहून कच्चा साक्षीदार. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपला आणि इंग्रज सहकारी जॉन यडकिन यांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय 22.3, शरीरातली चरबी मात्र यडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! मुलाचा सडपातळ दिसणारा भाऊ सुरक्षित आहे, असं त्यामुळे धरून चालता येत नाही. ताट बदलायचं तर सगळ्या घराचं बदलावं. एकट्यालाच ज्वारीची भाकरी आणि बाकीच्यांना वडापाव, ही शिक्षाच झाली.

चिडवल्याने मूल कमी खातं, हा आपला लाडका गैरसमज. ते लपून खातं. लोणावळ्याच्या घरात चिक्की येणारच. ती कपाटात कुलपाआड गेली की तिची ओढ वाढते. त्यापेक्षा चौघांसमोर एक तुकडा खाल्ला की विषय संपतो.

लाज कशी ओळखायची? पीटीच्या तासालाच पोट दुखतं. फोटोत मूल मागच्या रांगेत जातं. भुशी धरणावर सगळे भिजत असताना हे कोरडं, अंगात जाड जॅकेट. तेव्हा ‘बारीक झालास’ अशी शाबासकीसुद्धा नको. नजर पुन्हा अंगावरच जाते. भाजे गावातून लोहगड चढताना मागच्या खेपेला किती वेळा थांबला आणि यंदा किती, हे बोलावं. ते त्यानं स्वतः कमावलेलं असतं.

जूनमध्ये गणवेश शिवताना शिंपी कमरेचं माप मोठ्याने पुकारतो, पोरं हसतात. माप कागदावर लिहायला सांगावं. आणि पँट आजच्या कमरेची शिवावी, ‘पुढच्या महिन्यात बारीक होईल’ म्हणून घट्ट नाही.