नवी क्लचप्लेट आणि पेडलची चाल

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत ट्रॅक्टरचा क्लच दोन वेळी सर्वाधिक राबतो: सोयाबीनच्या पेरणीआधी काळ्या जमिनीत रोटाव्हेटर चालतो तेव्हा, आणि गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या विलासनगरच्या मांजरा कारखान्याबाहेर किंवा अर्धापूरकडील भाऊराव चव्हाण कारखान्याबाहेर रांगेत इंचाइंचाने सरकतात तेव्हा. रांगेत चालकाचा पाय पेडलवरून हलत नाही, क्लच अर्धवट लागलेला म्हणजे ‘हाफ क्लच’ राहतो आणि प्लेटचे लायनिंग, म्हणजे तिच्यावरील घर्षणाचा थर, घासून जळतो.

क्लचची रचना थोडक्यात अशी की, इंजिनाचे फ्लायव्हील आणि स्प्रिंगच्या जोराने दाबणारी प्रेशरप्लेट यांच्यात क्लचप्लेट आवळलेली असते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकून प्रेशरप्लेटच्या फिंगर, म्हणजे तिचे लिव्हर, दाबते, प्लेट सुटते आणि गिअरबॉक्सकडे जाणारी ताकद थांबते.

नवा क्लच बसवल्यावर पहिल्याच दिवशी गिअर टाकताना खर्रर्र आवाज आला, की मालक प्लेट बनावट असल्याचा संशय घेतो; पुष्कळदा तो अन्यायकारक असतो. बेअरिंग फिंगरला टेकेपर्यंत पेडल जेवढे मोकळे जाते त्या अंतराला ‘फ्री प्ले’ म्हणतात. अनेक मॉडेलांत ते साधारण २० ते ४० मिलिमीटर असते, आणि नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत मिळतो. लायनिंग झिजते तसतशी फिंगरची टोके मागे, बेअरिंगकडे सरकतात, फ्री प्ले कमी होतो आणि मेकॅनिक वेळोवेळी पेडलला जोडलेला रॉड फिरवून तो भरून काढतो. जाड लायनिंगची नवी प्लेट बसली की टोके पुन्हा फ्लायव्हीलकडे जातात. रॉड मात्र झिजलेल्या प्लेटच्या मापावरच राहिला, तर फ्री प्ले वाढतो, पेडल तळाला गेले तरी प्लेट पुरती सुटत नाही आणि गिअरचे दात खडखडतात. उलट रॉड जास्त आवळला, तर बेअरिंग फिंगरवर सतत टेकून राहते, पकड ढिली पडते आणि नवी प्लेटही करपते. माळेगावच्या यात्रेत बैल घेताना शेतकरी ज्या नजरेने त्याची चाल पाहतो, त्याच नजरेने गॅरेजबाहेर पडण्याआधी पेडलची चाल पाहावी.

फ्री प्ले बरोबर असूनही गिअर पडत नसेल, तर क्लच बदलण्यासाठी वेगळे केलेले ट्रॅक्टरचे दोन भाग जोडताना गिअरबॉक्सचे वजन प्लेटवर लटकून तिचा मधला भाग वाकला का, प्लेट उलटी बसली का आणि सर्व फिंगर एका पातळीत आहेत का, हे पाहावे लागते. ड्युअल क्लच असलेल्या ट्रॅक्टरात, म्हणजे जिथे अर्धे पेडल चाकांची आणि पूर्ण पेडल पीटीओची, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या शाफ्टची, ताकद तोडते तिथे, दोन्ही टप्पे वेगवेगळे तपासावेत.

भार आल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतो आहे. अशा वेळी हाऊसिंगच्या तळाच्या छिद्रातून तेल ठिबकते का ते बघावे: पातळ काळे तेल बहुधा इंजिनाच्या मागील सीलचे, तर दाट, उग्र वासाचे तेल गिअरबॉक्सचे. सील न बदलता प्लेट बदलणे म्हणजे खर्च दोनदा करणे होय. गिअर न पडण्याचे आणखी एक मराठवाडी कारण म्हणजे पावसाळ्यात झाडाखाली उभ्या ट्रॅक्टरची प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. तेव्हा पेडल दाबूनही गिअर पडत नाही.

म्हणून दुसऱ्यांदा ट्रॅक्टर मधून वेगळा करण्याआधी मालकाने मेकॅनिकला फ्री प्ले मोजायला सांगावे, आणि पहिल्या काही दिवसांच्या कामानंतर तो पुन्हा मोजून घ्यावा.