संगणक जागा होत नाही तेव्हा

घरातील संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मुलांचा अभ्यास, घरखर्चाचा हिशेब, निवृत्तिवेतनाचे कागद, परगावी गेलेल्या आप्तांचा पत्रव्यवहार आणि पंधरा-वीस वर्षांची छायाचित्रे यांचे ते भांडार झाले आहे. असा हा संगणक एखाद्या दिवशी कळ दाबूनही उघडत नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीतील एखादी ओळ तेवढी उमटते आणि सारे घर हवालदिल होते. कोणी म्हणतो, ‘आता सगळे गेले!’ दुसरा लगेच सल्ला देतो, ‘फॉरमॅट मारा, म्हणजे चालू होईल.’ वाचकहो, या दोहोंपैकी पहिले वाक्य बहुधा खोटे असते आणि दुसरे बहुधा घातक. असे का, हे समजण्यासाठी संगणक मुळात जागा कसा होतो ते प्रथम पाहू.

पहिली सूचना कोण देतो?

संगणक जे काही करतो ते त्याच्या कार्यस्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, भरलेल्या सूचनांप्रमाणे करतो. परंतु वीज जाताच ही स्मृती कोरी होते. मग कळ दाबल्यावर ‘सूचना भरून घे’ ही पहिली सूचना त्याला कोण देणार? स्वतःच्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलण्यासारखा हा प्रकार आहे. इंग्रजीत नेमकी हीच कल्पना असून ‘बूट होणे’ हा शब्द तिच्यावरूनच आला.

यावरील तोड अशी. मुख्य फलकावर, म्हणजे मदरबोर्डवर, एक लहानशी चिप असते. वीज गेली तरी तिच्यातील मजकूर पुसला जात नाही. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकापासून या मजकुराला बायोस म्हणण्याची रीत पडली. २००५ नंतर हळूहळू यूईएफआय या नव्या पद्धतीने त्याची जागा घेतली. तरी बोलताना लोक अजून बायोसच म्हणतात. हा पहारेकरी प्रथम सर्व अवयवांची हजेरी घेतो, नंतर कोणत्या डिस्कवरून प्रारंभ करावयाचा ते ठरवतो आणि तेथील एका छोट्या आज्ञावलीच्या हाती काम सोपवतो. ती आज्ञावली विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या कार्यप्रणालीला हाक मारते. जुन्या काळी डाकेचे हरकारे टप्प्याटप्प्याने थैली पुढे देत, तशीच ही व्यवस्था आहे. एक हरकारा आला नाही तर थैली अडते. पण थैलीतील पत्रे म्हणून जळत नाहीत.

डिस्कचा सातबारा

दुसरी गोष्ट पार्टिशनची. एका डिस्कचे अनेक भाग पाडता येतात, ते आपण ‘सी’, ‘डी’ अशा अक्षरांनी ओळखतो. कोणता भाग कोठून कोठवर, याची नोंद डिस्कच्या आरंभी केलेली असते. शेतजमिनीच्या सातबारा उताऱ्याची येथे आठवण व्हावी. दप्तरातील उतारा फाटला म्हणून शेत नाहीसे होत नाही. ते कोणाचे व कोठवर, हे सांगणारा कागद तेवढा हरवतो.

१९८३ पासून चालत आलेल्या जुन्या पद्धतीत, जिला एमबीआर म्हणतात, हा सारा उतारा अवघ्या ५१२ बाइटांच्या एका खणात बसवलेला असे. त्यात ४४६ बाइट प्रारंभाच्या आज्ञावलीसाठी, ६४ बाइट चार भागांच्या नोंदीसाठी आणि २ बाइट शिक्क्यासाठी. एवढासा खण बिघडला की भली मोठी डिस्क परकी वाटू लागे. शिवाय या पद्धतीत सुमारे २ टेराबाइटांच्या पलीकडील जागा मोजता येत नसे. हल्लीच्या जीपीटी पद्धतीत साधारणतः १२८ भागांच्या नोंदींची सोय असते आणि उताऱ्याची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस ठेवलेली असते. पहिली प्रत बिघडली तर दुसरीवरून ती पुन्हा उभी करता येते.

यावरून एक महत्त्वाचे तत्त्व हाती येते. संगणक न उघडणे ही एक गोष्ट आणि आपला मजकूर नष्ट होणे ही दुसरी. पहिली घडली म्हणून दुसरी घडलीच असे नाही. मात्र घाईने केलेला उपाय पहिलीचे रूपांतर दुसरीत करू शकतो.

आधी लक्षण, मग उपाय

वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. आपणही प्रथम हरकारा कोणत्या टप्प्यावर थांबला ते ओळखावे.

दिवा लागत नाही, पंख्याचा आवाज नाही, असे असेल तर दोष विजेचा. प्लग, स्विच, चार्जर तपासावा. लॅपटॉप असल्यास चार्जर काढून कळ अर्धा मिनिट दाबून धरावी आणि मग चार्जर पुन्हा जोडून पाहावे. एवढ्याने कित्येक लॅपटॉप शुद्धीवर येतात.

दिवा लागतो, परंतु पडदा काळाच राहतो किंवा ठरावीक बीप ऐकू येतात, तर हजेरीच्या वेळी एखादा अवयव गैरहजर आहे. पडद्याची केबल सैल असेल, अथवा रॅमची पट्टी खाचेत नीट बसलेली नसेल.

कंपनीचे चिन्ह दिसते आणि नंतर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ अशा अर्थाची ओळ येते, तेव्हा प्रथम एखादा पेन ड्राइव्ह लावलेला राहिला आहे काय ते पाहावे. पहारेकरी कधी कधी त्यालाच डिस्क समजून तेथे कार्यप्रणाली शोधत बसतो. तसे नसेल तर बायोसच्या पानावर जाऊन डिस्कचे नाव यादीत आहे की नाही ते पाहावे. नाव नसेल तर दोष केबलचा वा डिस्कचा; नाव असेल तर दोष बहुधा प्रारंभाच्या नोंदींचा, म्हणजे दुरुस्त होण्याजोगा. संगणक जुना असून त्याचे घड्याळही मागे पडत असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली असण्याचा संभव आहे. ती संपली की बायोसमधील जुळणी मूळ पदावर जाते आणि ठणठणीत डिस्कवरूनही प्रारंभ होईनासा होतो. बॅटरी बदलावी आणि प्रारंभाची जुळणी पूर्ववत करावी, एवढाच त्यावर उपाय.

फिरत्या तबकडीची डिस्क असून तिच्यातून टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता संगणक बंद करावा. पुनःपुन्हा चालू करून पाहण्याचा मोह आवरावा. आतील मजकूर मोलाचा असेल तर डिस्क थेट जाणत्या दुरुस्ती-प्रयोगशाळेकडे द्यावी. घरी उघडून पाहू नये.

सामान आधी बाहेर काढावे

विंडोजचा प्रारंभ लागोपाठ फसला की ती स्वतःच दुरुस्तीचे निळे पान समोर आणते. तेथील ‘स्टार्टअप रिपेअर’ हा पर्याय प्रारंभाच्या नोंदी तपासतो आणि जमल्यास सुधारतो. ‘सिस्टम रिस्टोअर’ यंत्रणेला मागील एखाद्या दिवसाच्या स्थितीत नेतो. ‘सेफ मोड’मध्ये मोजक्याच साहाय्यक आज्ञावली घेऊन विंडोज उघडते, त्यामुळे नव्याने बसवलेली खोडकर आज्ञावली काढून टाकता येते. शेवटचा पर्याय ‘रिसेट’चा. त्यात ‘माझ्या फाइल ठेवा’ आणि ‘सर्व काढून टाका’ असे दोन मार्ग येतात, ते डोळे उघडे ठेवून वाचावेत. पहिल्या मार्गातही आपण बसवलेली सॉफ्टवेअरे जातात. दुसऱ्यात सारेच जाते.

परंतु पडके घर सावरण्यापूर्वी आपण आतील सामान बाहेर काढतो, तोच क्रम येथेही ठेवावा. दुसऱ्या एखाद्या संगणकावर आठ गिगाबाइट वा अधिक क्षमतेच्या पेन ड्राइव्हवर उबुंटू लिनक्स तयार करून घेता येते. ती विनामूल्य आहे. बिघडलेला संगणक त्या पेन ड्राइव्हवरून उघडावा, ‘बसवून न घेता वापरून पाहा’ हा मार्ग निवडावा आणि डिस्कवरील फोल्डर बाहेरच्या दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. विंडोज उघडत नसली तरी फाइल अशा रीतीने पुष्कळदा सुखरूप हाती येतात.

उतारा हरवून भागच दिसेनासा झाला असेल, तर ‘टेस्टडिस्क’ ही विनामूल्य आज्ञावली डिस्क चाळून जुन्या सीमा शोधते व उतारा पुन्हा लिहू शकते. तिचीच जोडीदार ‘फोटोरेक’ ही नावाकडे न पाहता फाइलच्या तोंडवळ्यावरून तिला ओळखते. जेपेग छायाचित्राचा आरंभ ठरावीक बाइटांनी होतो, ही खूण तिला पुरते. मात्र अशा रीतीने परत आलेल्या छायाचित्रांची मूळ नावे बहुधा जातात. ती जुळवीत बसण्याचे काम घरच्यांचे. सोडवलेला मजकूर त्याच डिस्कवर कधीही ठेवू नये, कारण शोधावयाच्या मजकुरावरच तो लिहिला जाईल.

याच कारणासाठी, ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ असा प्रश्न पडद्यावर आला असता ‘नाही’ म्हणावे. फाइल पुसली वा भाग काढून टाकला तरी तबकडीच्या डिस्कवर केवळ नोंद जाते, मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत टिकतो. नव्या एसएसडी डिस्कची गोष्ट निराळी. पुसलेली जागा मोकळी झाल्याचे कार्यप्रणाली तिला कळवते आणि डिस्क ती जागा आपल्या सवडीने साफ करून टाकते. तेथे चुकून पुसलेले परत मिळण्याची आशा फार थोडी.

एका सकाळची गोष्ट

१९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सुरक्षा कंपनीने आपल्या विंडोजवरील आज्ञावलीसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. ती वाचणारी आज्ञावली २१ वी नोंद तपासू गेली, आणि तिला नोंदी पुरवल्या गेल्या होत्या २०. नसलेली नोंद वाचण्याच्या या प्रयत्नात संगणक कोसळले, आणि पुन्हा चालू होताना तीच फाइल वाचून पुन्हा कोसळू लागले. ७८ मिनिटांत कंपनीने फाइल मागे घेतली. परंतु तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख संगणक अडले होते. विमानतळांवर, रुग्णालयांत, बँकांत कामे खोळंबली. आपल्याकडेही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले.

या प्रसंगी संगणकांतील मजकूर कोठे गेला होता? कोठेही नाही. सेफ मोडमध्ये संगणक उघडावा, ती एक फाइल काढून टाकावी, की यंत्र पूर्ववत. फक्त हे काम बहुतेक ठिकाणी माणसाला एकेका यंत्रापुढे बसून करावे लागले. त्यातही ज्यांच्या डिस्कला बिटलॉकरचे कुलूप होते, त्यांना प्रथम ४८ आकडी किल्ली शोधावी लागली.

वाचकहो, ही किल्ली आपल्या घरीही लागू शकते. नव्या लॅपटॉपांतील डिस्क पुष्कळदा मालकाच्या नकळत कुलूपबंद असते. बायोसमध्ये काही बदल झाला वा मदरबोर्ड दुरुस्त केला, की संगणक ही किल्ली मागतो. ती नसेल तर कोणताही कारागीर मजकूर सोडवू शकत नाही. विंडोजमध्ये ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने आपण प्रवेश करतो, त्या खात्यात ती बहुधा साठवलेली असते. संगणक चालू आहे तोवरच ती पाहावी, कागदावर उतरवावी आणि घराचे दस्तऐवज ज्या कपाटात असतात तेथे ठेवावी.

दुसरी प्रत

१९९८ मध्ये अमेरिकेतील पिक्सार या संस्थेत ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट तयार होत असताना, एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या फाइल भराभर पुसल्या जाऊ लागल्या. राखीव प्रती काढून पाहिल्या, तो त्याही सदोष निघाल्या. त्या नीट उतरत आहेत की नाहीत हे कोणी तपासलेच नव्हते. चित्रपट वाचला तो गॅलिन सुस्मन या तंत्रनिर्देशिकेमुळे. तान्ह्या बाळामुळे त्या घरून काम करीत आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून मोटारीतून कार्यालयात आणण्यात आला.

एवढ्या मोठ्या संस्थेची ही कथा, मग तुमची-आमची काय? छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ हा नियम घरासाठीही उत्तम आहे. मोलाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. लॅपटॉपवर एक, बाहेरच्या डिस्कवर एक आणि तिसरी इंटरनेटवरील साठ्यात, किंवा परगावी राहणाऱ्या बहिणीच्या वा मुलाच्या घरी. बाहेरची डिस्क प्रत काढल्यावर सोडवून ठेवावी, म्हणजे विजेचा झटका वा विषाणू तिच्यापर्यंत पोहोचणार नाही. आणि दर दोन-तीन महिन्यांनी एखादी फाइल त्या प्रतीतून खरोखर उघडून पाहावी, कारण न तपासलेल्या प्रतीचा भरवसा कसा धरावा हे पिक्सारच्या लोकांनी अनुभवले आहे.

एखाद्या रविवारी घरातील मुलांना सोबत घेऊन हे काम उरकावे. दुरुस्तीचा पेन ड्राइव्ह तयार करून त्यावर चिठ्ठी चिकटवावी, किल्ली कागदावर लिहावी, छायाचित्रांची प्रत काढावी. या सर्वांना एक दुपार पुरते. मग पुढे कधी संगणकाने डोळे मिटलेच, तर आपणास केवळ एका यंत्राची दुरुस्ती करावयाची असेल, आठवणींची शोधाशोध नव्हे.