उठतं जांघेत, मुक्काम नाकात

अंबड तालुक्यात अंकुशनगरच्या समर्थ साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं, की आसपासच्या फडांत कोयते चालू लागतात. अंगाला टोचणारी उसाची कूस, घाम आणि दिवसभर घासणारे कपडे. जांघेत किंवा काखेत केसतूड उठायला आणखी काय हवं? दुखतं भरपूर, पण दाखवायची चोरी. मग माणूस आडोशाला जाऊन ते पिळतो. आठ-दहा दिवसांत बसतं, आणि महिन्याभरात शेजारीच दुसरं हजर.

केस तुटला की केसतूड येतं, हा जुना समज पुरता खरा नाही. पण नाव ठेवणाऱ्यांनी जागा अचूक हेरली होती. केसाच्या मुळाशी इवलीशी पिशवी असते. तिच्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू शिरला, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, लढतात, मरतात. पू म्हणजे मुख्यतः त्यांचाच खच.

1880 च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑगस्टन यांनी गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा गोल जिवाणूंचे घोस दिसले. द्राक्षाच्या घडाला असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी पुढे स्टॅफिलोकॉकस हे नाव दिलं. जालन्याजवळच्या कडवंचीच्या द्राक्ष बागायतदारांना हे चित्र वेगळं समजवायला नको! 1884 मध्ये जर्मनीच्या रोझेनबाख यांनी त्याला ‘ऑरियस’, म्हणजे सोनेरी, हे शेपूट जोडलं. ताटलीत वाढवला की तो पिवळसर सोनेरी दिसतो.

पण तो पुन्हा पुन्हा येतो कुठून? साधारण तीनातल्या एका माणसाच्या नाकपुडीत तो बिनबोभाट राहतो, तिथे काही त्रास देत नाही. नाकात गेलेलं बोट खाजवायला जांघेत जातं. नखाचा किंवा रेझरचा बारीकसा ओरखडा त्याला पुरतो. आपण पिळत बसतो गळू, आणि बिऱ्हाड नाकात शाबूत! शिवाय पिळल्यानं पू आतही पसरतो. ऊसतोडीच्या कोपीत एकच टॉवेल चौघांत फिरत असेल, तर हा जिवाणू घरभर होतो.

आजीचं पोटीस मात्र निम्मं बरोबर होतं. काम करते ती ऊब. गरम पाण्यात बुडवून पिळलेलं स्वच्छ फडकं दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा ठेवलं, की बहुतेक केसतुडं आपणहून फुटतात. गळवावर चुना लावणं मात्र नको. नाजूक कातडी भाजते. तिथले केस काढायचेच असतील, तर रेझरऐवजी कात्रीनं बारीक करावेत.

ताप आला, लाली पसरू लागली, तर घरगुती उपाय थांबवून दवाखाना गाठावा. केसतूड वरचेवर येत असेल तर रक्तातली साखर तपासावी. मधुमेहात हा त्रास जास्त होतो. गरज वाटल्यास डॉक्टर नाकात लावायचं मलमही देतात. दोन्ही काखांत, जांघांत गाठी उठून व्रण राहत असतील, तर ते साधं केसतूड नाही. हायड्रेडेनायटिस सपुराटिव्हा नावाचा तो वेगळा आजार असू शकतो, आणि त्याचा अस्वच्छतेशी संबंध नाही.

फडावरच्या बाईला अंघोळीला आडोसा आणि पाणी न देता ‘स्वच्छता पाळा’ असं सांगणं मात्र मला उद्धटपणाचं वाटतं.

डॉक्टरांना जागा सांगायला जीभ रेटत नसेल, तर चिठ्ठीवर लिहून न्या. त्यांनी अशी गळवं शेकड्यांनी पाहिलेली असतात.