बस कोणासाठीं ?

परवां आमची धाकटी नात संस्कृतच्या विभक्तींचें कोष्टक पाठ करीत बसली होती. मध्येंच थांबून तिनें विचारलें, "आजोबा, 'बस' हा शब्द कोणत्या भाषेंतला ?" शाळेंत शिकविण्यांत ज्यानें जन्म घालविला त्यास असा प्रश्न म्हणजे मेजवानीच. आम्हीं तिला सांगितलें कीं मूळ शब्द लॅटिन, 'ओम्निबुस'. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समध्यें कोणासही बसतां येईल अशा घोड्यांच्या गाडीस हें नांव पडलें. त्यांतील 'ओम्नि' म्हणजे सर्व, व 'बुस' हा चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय. आपल्या संस्कृतांतील 'भ्यः' हा त्याचा सख्खा भाऊ. 'ओम्निबुस' म्हणजे 'सर्वेभ्यः', सर्वांसाठीं. पुढें घाईच्या बोलण्यांत मुख्य शब्द गळाला आणि प्रत्यय तेवढा उरला. नात हंसून म्हणाली, "म्हणजे आम्ही रोज प्रत्ययांत बसून शाळेंत जातों !"

विनोद बाजूस ठेविला तरी त्यांत विचार करण्याजोगी एक गोष्ट आहे. 'साठीं' राहिलें आणि 'सर्व' गळून पडले. मुंबईच्या बससेवेंत गेल्या कांहीं वर्षांत जे फेरबदल झाले त्यांकडे पाहतां, जें शब्दाच्या बाबतींत घडलें तें प्रत्यक्षांत घडूं नये अशी काळजी वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

या सेवेचा पूर्वेतिहास थोडक्यांत असा. ता. ९ मे १८७४ रोजीं मुंबईंत घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून व दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीवरून, असे दोन्ही पायधुणीस जात. कुलाब्याहून पायधुणीचें भाडें आरंभीं तीन आणे होतें, तें लवकरच दोन आणे झालें. ता. ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम धांवूं लागली, आणि १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटार-बस निघाली. वीज व वाहतूक हीं दोन्ही कामें एकाच कंपनीच्या हातीं होतीं. ता. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं, म्हणजे स्वातंत्र्याच्या अवघे आठ दिवस आधीं, तो सर्व कारभार नगरपालिकेनें आपल्याकडे घेतला, व 'बेस्ट' ही नगरवासीयांच्या मालकीची झाली. ता. ३१ मार्च १९६४ रोजीं बोरीबंदराहून दादरकडे शेवटची ट्राम गेली. तेव्हां बदल हा या सेवेस नवा नाहीं, आणि प्रत्येक बदल म्हणजे अनर्थ असेंही आम्ही मानीत नाहीं. घोडा गेला म्हणून आज कोणी रडत नाहीं. प्रश्न एवढाच कीं, बदलाचा भार कोणावर पडतो ?

घरोघरीं चर्चा होते ती भाड्याची. जुलै २०१९ मध्यें पांच किलोमीटरपर्यंतचें किमान भाडें आठ रुपयांवरून पांच रुपये झालें. वातानुकूलित गाडीचें सहा रुपये. पुढें २०२५ सालीं ९ मे रोजींच, म्हणजे पहिल्या ट्रामच्या तारखेसच, तें अनुक्रमें दहा व बारा रुपये करण्यांत आलें. पांचाचे दहा झाले याची बोच खरी आहे. रोज दोन वेळ प्रवास करणाऱ्या चार माणसांच्या कुटुंबांत ती महिनाअखेरीस चांगलीच जाणवते. परंतु आमच्या मतें हा हिशेब अर्धाच आहे. उतारू भाडें दोन नाण्यांत देतो : एक खिशांतलें, दुसरें आयुष्यांतलें. दुसऱ्याची पावती कोणी देत नाहीं.

हें एका सोप्या त्रैराशिकानें पाहूं. समजा, एका मार्गावर जाणें, येणें व दोन्ही टोकांस थोडा विसांवा मिळून फेरी शंभर मिनिटांची आहे, आणि त्यावर दहा गाड्या आहेत. म्हणजे दर दहा मिनिटांस एक गाडी आली, व थांब्यावर अवचित येणाऱ्यास सरासरीनें पांच मिनिटें उभें राहावें लागलें. आतां रस्ता खणला गेला, मोटारी वाढल्या, आणि फेरीस एकशेंवीस मिनिटें लागूं लागलीं. त्याच दहा गाड्या आतां बारा मिनिटांनीं येतील. त्यांतून दोन गाड्या काढून घेतल्या तर अंतर पंधरा मिनिटांचें होईल. बाहेरून पाहणारा म्हणेल, दहांतल्या दोनच तर गेल्या ! पण उभें राहण्याचा काळ दीडपट झाला.

शिवाय गाड्या पाढ्याप्रमाणें सारख्या अंतरानें येत नाहींत. पुढच्या गाडीस थोडा उशीर झाला कीं तिच्यासाठीं थांब्यावर अधिक माणसें जमतात. तीं चढण्यांत आणखी वेळ जातो. मागच्या गाडीस माणसें थोडीं मिळतात, म्हणून ती भराभर पुढें येते. आणि अखेर दोन्ही गाड्या जावा-जावांसारख्या जोडीनें येतात. मग पंधरा मिनिटांचें अंतर कागदावर राहतें, व थांब्यावर अर्धा तास होतो. यांत चालकाचा दोष क्वचितच असतो. दोष रस्त्याच्या कोंडीचा व गाड्यांच्या तुटवड्याचा.

गाड्या कां कमी झाल्या हेंही समजून घेतलें पाहिजे. वाहतुकींत तूट ही ठरलेलीच. ती विजेच्या उत्पन्नांतून भरून काढण्याची जुनी रीत होती. ती रीत पुढें टिकली नाहीं, आणि सेवा महापालिकेच्या साहाय्यावर अवलंबून राहिली. स्वतःच्या जुन्या गाड्या आयुष्य संपून मोडींत निघाल्या, त्यांच्या जागीं तितक्या नव्या घेतल्या गेल्या नाहींत. २०१९ पासून गाड्या कंत्राटानें घेण्याची पद्धत वाढली. तींत गाडी, तिची दुरुस्ती व चालक कंत्राटदाराचा. त्यास दर किलोमीटरमागें ठरलेली रक्कम मिळावयाची. पुढें कांहीं कंत्राटदारांनीं मध्येंच काम सोडलें, आणि ऑगस्ट २०२३ मध्यें कंत्राटी चालकांनीं वेतनासाठीं काम बंद ठेविलें. ज्या ताफ्यांत एके काळीं चार हजारांवर गाड्या होत्या, तो २०२५ सालीं तीन हजारांच्या आंत आला होता. याच काळांत चांगलेंही कांहीं घडलें. ता. १५ सप्टेंबर २०२३ रोजीं जुनी डिझेलची दुमजली बस शेवटची धांवली, पण त्याआधींच विजेवर चालणारी थंड हवेची दुमजली बस रस्त्यावर आली होती. ती धूर सोडीत नाहीं व कान किटवीत नाहीं. मात्र जी गाडी येतच नाहीं तिच्या थंड हवेचा उपयोग काय ?

आतां मेट्रोची गोष्ट. ऑक्टोबर २०२५ मध्यें भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. ज्या काळबादेवीवरून दीडशें वर्षांपूर्वीं घोडे ट्राम ओढीत, तिच्याच पोटांतून आतां विजेची गाडी जाते. मेट्रो झाली म्हणजे लांब पल्ल्याच्या बसऐवजीं स्टेशनांस जोडणारे आंखूड मार्ग ठेवावे, असा विचार पुढें येतो, व तो निराधार नाहीं. पण एक गाडी जाऊन तिच्या जागीं दोन आल्या, म्हणजे थांबणेंही दोनदां आलें. आणि भुयारांत उतरणें, चालणें व पुन्हा वर येणें हें तरुणास जितकें सोपें तितकें गुडघे दुखणाऱ्या आजीस नव्हे. नकाशावर तुटलेली रेघ बारीक दिसते. ती ज्याच्या पायांखालून गेली त्यासच तिची लांबी कळते.

ही गोष्ट आम्हांस आमच्याच घरीं कळली, आणि ती सांगतांना थोडी लाज वाटते. आमच्याकडे धुण्याभांड्यांस येणाऱ्या बाईंस मुलें मावशी म्हणतात. त्यांची वेळ सकाळीं साडेसातची. मध्यंतरीं त्यांस कधीं दहा, कधीं वीस मिनिटें उशीर होऊं लागला. एके दिवशीं आम्हीं मास्तरकीच्या जुन्या संवयीनें घड्याळाकडे बोट दाखविलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पण थोरल्या सूनबाई स्वयंपाकघरांतून म्हणाल्या, "मामंजी, मावशी साडेपांचला घर सोडतात आणि दोन बस बदलून येतात. तुम्हांला ठाऊक नव्हतें का ?" खरोखरच ठाऊक नव्हतें. सहा वर्षें त्या आमच्या घरीं येत आहेत. त्या कोठून व कशा येतात हें आम्हीं एकदांही विचारलें नव्हतें. मुलांस पेशवाईंतील स्वाऱ्यांचे मार्ग तोंडपाठ करावयास लावणारे आम्ही, पण घरांतल्या माणसाचा रोजचा मार्ग आम्हांस माहीत नव्हता.

त्या दिवसापासून आमच्या ध्यानांत आलें कीं थांब्यावरील वेळ सर्वांस सारखा महाग पडत नाहीं. ज्याच्यापाशीं मोटार आहे, किंवा जो टॅक्सीस हांक मारूं शकतो, त्यास बसचा फेरबदल ही वर्तमानपत्रांतली बातमी असते. जिला सहा वाजतां कचेरी सोडून घरीं येऊन पोळ्या लाटावयाच्या आहेत, ज्या आजोबांस इस्पितळाची वेळ गांठावयाची आहे, ज्या मुलास शिकवणीहून अंधार पडण्यापूर्वीं परतावयाचें आहे, आणि ज्या मावशींस चार घरांचीं घड्याळें सांभाळावयाचीं आहेत, त्यांच्यासाठीं ती रोजची शिक्षा होते. हीं सर्व माणसें सभा भरवीत नाहींत. तीं केवळ पंधरा मिनिटें लवकर उठतात.

तेव्हां चालकमंडळींस आमची विनंति अशी कीं, भाड्याच्या तक्त्याप्रमाणेंच दोन गाड्यांमधील अंतराचा तक्ताही प्रत्येक थांब्यावर लावावा. गाडी कोठें आली हें फोनवर पाहतां येतें, पण फोन न वाचणारे डोळेही थांब्यावर उभे असतात. मार्ग बंद वा आंखूड करावयाचा असल्यास त्याची सूचना आधीं त्याच थांब्यावर, ठसठशीत मराठींत द्यावी.

आणि आपण ? आपल्या सुशिक्षित घरांनींही तीन गोष्टी कराव्या. बसथांब्यापुढें आपली मोटार उभी करूं नये. त्या एका मोटारीपायीं गाडीभर माणसांस भर रस्त्यांत उतरावें लागतें. चालण्याचें बळ ज्यांच्यापाशीं आहे त्यांनीं आठवड्यांतून कांहीं दिवस तरी बसनें जावें. जी सेवा आपण वापरीत नाहीं तिची काळजीही आपणांस राहत नाहीं. आणि गाऱ्हाणें करावयाचें तर तें रागाचें नव्हे, हिशेबाचें असावें : तारीख, थांबा, मार्गाचा क्रमांक, किती वाजतां आलों, किती वाजतां गाडी मिळाली. अशीं दहा घरांचीं पत्रें एका महिन्यांत गेलीं, तर तीं बाजूस सारणें कोणत्याही कचेरीस सोपें नाहीं.

आमच्या घरीं तशी एक वही घातली आहे. नात तींत आंकडे मांडते, मावशी तिला आपल्या दोन्ही गाड्यांच्या वेळा सांगतात, आणि महिनाअखेरीस आम्ही पत्र लिहिणार आहों. मावशींची वेळ मात्र साडेसातऐवजीं आठची केली आहे. तेवढा फेरबदल आमच्या हातांतला होता.