खुर्ची ओढून बसा

परळमधला लहान मुलांचा कॅन्सर वॉर्ड. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणारी काळजी, शिकायला आलेल्या निवासी डॉक्टरांचा दिवस साधारण असा जातो.

सकाळी ८. रात्रपाळीच्या सिस्टरांकडून माहिती घ्यायची. मॉर्फिनचा जादा डोस कुणाला लागला ते फाइलमध्ये असतं. ‘पोरगं आईलाही हात लावू देत नव्हतं’ हे मात्र सिस्टरच सांगतात.

९.३०. राउंड. दोन वर्षांच्या मुलाला ‘किती दुखतंय?’ विचारून काय कळणार? चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं, या पाचांना प्रत्येकी ० ते २ गुण द्यायचे. मॉर्फिन शक्यतो तोंडानेच, वजनाप्रमाणे आणि ठरल्या वेळी. दुखायची वाट बघायची नाही. सोबत बद्धकोष्ठतेचं औषध. ‘मॉर्फिनची सवय लागेल’ ही भीती पालकांना असते तशी कित्येक डॉक्टरांनाही.

११. ओपीडी. बिहारहून आलेलं कुटुंब, निदान कालपरवाचं. मग पॅलिएटिव्हची माणसं इतक्यात कशाला? कारण मुलांच्या बाबतीत ही काळजी निदानापासूनच सुरू व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. केमोथेरपी चालू असतानाच ती द्यायची असते. सोशल वर्कर विचारते: उतरलात कुठे? मजुरी बुडाली का? गावी राहिलेल्या भावंडांना कोण बघतं? राहायची सोय नसली, पैसे संपले की उपचार अर्धवट सुटतात. म्हणून हे प्रश्नही केसपेपरवर हवेत.

दुपारी २. रोल-प्ले. एकजण आई, दुसरा डॉक्टर. आजार उलटलाय, हे सांगायचंय. खुर्ची ओढून बसा. त्यांना काय ठाऊक आहे, किती ऐकायचंय ते विचारा. मोजक्या शब्दांत सांगा आणि गप्प राहा. इथेच बहुतेकांची गाडी अडते; शांतता सोसवत नाही आणि ते लगेच पुढच्या औषधांवर बोलू लागतात. पुन्हा पहिल्यापासून.

४. खेळाची खोली. ‘मी दंगा केला म्हणून झालं का?’ लहान मुलांना आजार ही शिक्षा वाटू शकते. ‘नाही, तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही,’ असं स्पष्ट सांगायचं. शेजारच्या खाटेवरचं मूल दगावलं तर ‘तो झोपलाय’ म्हणायचं नाही. मुलं झोपेलाच घाबरतात.

५.३०. दिवसाची उजळणी. आज काय जड गेलं, हे डॉक्टरांनीही बोलायचं असतं.

२०१४च्या कायदादुरुस्तीने रुग्णालयांना मॉर्फिन मिळवणं सोपं झालं. २०१९पासून एमबीबीएसला संवादकौशल्यही शिकवतात. पण मुलाचं दुखणं ओळखणं आणि त्याच्या आईशी खरं बोलणं वर्गात बसून येत नाही. टाके घालण्यासारखंच ते जाणत्या हाताखाली, पुन्हा पुन्हा करूनच शिकावं लागतं.