दाद कोणी मागायची?

बारावीचे निकाल लागले की जरीपटका-इंदोरा भागात घरोघरी एकच शब्द कानी पडतो, 'व्हॅलिडिटी'. जातीचे प्रमाणपत्र हाती असते. पण पडताळणी समितीने ते अवैध ठरविले की मुलीचा प्रवेश अडतो. मग आई-वडील आम्हाला विचारतात, "भाऊ, सरकारी समितीविरुद्ध आपल्यासारख्याला कोर्टात जाता येते काय?"

येते! महाराष्ट्राच्या २००० च्या जात पडताळणी कायद्याप्रमाणे समितीचा निर्णय अंतिम असतो. मात्र संविधानाच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. आपल्यासाठी हे न्यायालय म्हणजे सिव्हिल लाइन्समधील नागपूर खंडपीठ होय.

पण याचिका करणार कोण? साधा नियम असा की, ज्याचा हक्क बुडाला त्याने दाद मागावी. मुलगी अज्ञान असेल तर तिच्या वतीने पालकांनी जावे.

मग शेजारच्या एखाद्याने आकसाने आपल्या प्रमाणपत्राविरुद्ध धाव घेतली तर? महाराष्ट्रातीलच एका जात प्रमाणपत्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले की, ज्याचे स्वतःचे काही बिघडलेले नाही अशा तिऱ्हाइताला यात पडण्याचा हक्क नाही. अर्थात, अपवादात्मक प्रसंगी त्याने आणलेली खरी माहिती न्यायालय तपासू शकते. तेव्हा खोट्या दाखल्याला येथे अभय नाही.

परंतु ज्यांना कोर्टाची पायरी चढणेच शक्य नाही, त्यांचे काय? १९८१ साली एस. पी. गुप्ता प्रकरणात न्या. भगवती यांनी हे दार उघडले. गरीब, असहाय माणसांच्या वतीने कोणीही नागरिक सद्हेतूने न्यायालयात जाऊ शकतो, असे त्यांनी ठरविले. त्याच वर्षी मुंबईतील फूटपाथवासीयांना हुसकण्याचे सरकारने ठरविले, तेव्हा त्यांच्या बाजूने पत्रकार ऑल्गा टेलिस पुढे आल्या. १९८५ च्या निकालाने झोपड्या वाचल्या नाहीत. पण पोटाचा धंदा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे तत्त्व मात्र देशाला मिळाले.

तिऱ्हाईत दोन्हीकडे आहे. एक दुसऱ्याचा हक्क हिरावण्यासाठी येतो, दुसरा मुक्याचा आवाज होऊन येतो. कायदा हा फरक ओळखतो, आपणही ओळखावा.

वाचकहो, समितीच्या आदेशाची प्रत लगेच मागून घ्या, उशीर करू नका. उशिराचे कारण न्यायालय विचारते. पैसा नाही म्हणून घरी बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट देणाऱ्या कलमाला बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत संविधानाचा आत्मा म्हटले होते. हायकोर्टाचे दार तर आपल्या गावातच आहे. ते ठोठावणे आपल्या हाती आहे.