एका घरी दोन पहारेकरी

इंदूरच्या वायव्येस सुमारे ४० किलोमीटरांवर देपालपूर हे तहशिलीचे गाव आहे. होळकरशाहीपासून या माळवी मुलखात मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. गेल्या उन्हाळ्यात तेथे एका आप्तांच्या घरी चार दिवस राहण्याचा योग आला. घर शेतकऱ्याचे, सुखवस्तू. परंतु त्या दिवसांत घरातील वातावरण मात्र गढूळ झाले होते. कारण होते बैठकीच्या खोलीतील संगणक.

भाचीला महाविद्यालयातील प्रवेशाचा अर्ज भरावयाचा होता. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. संगणक सुरू होण्यास अर्धा तास लागे. गुणपत्रिका जोडावयास जावे, तो पडदा गोठून जाई. भाऊजींचा पारा चढला. "या पोराच्या खेळांनीच यंत्राचा सत्यानाश केला!" असे ते थोरल्या मुलावर कडाडले. "बाबा, पंधरा दिवसांत मी त्याला हातही लावलेला नाही," एवढेच तो म्हणाला. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. रात्री तो जेवायलाही आला नाही. ताईच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

सकाळी अर्ज गावातील सेवाकेंद्रात जाऊन भरला आणि ते संकट टळले. मग निवांतपणे यंत्राकडे पाहिले. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दोन निरनिराळ्या विषाणूरोधकांची चिन्हे झळकत होती. एक दुकानदाराने यंत्र विकताना बसवून दिलेला. दुसरा इंदूरच्या पुतण्याने, फुकट मिळतो म्हणून, वर चढविलेला. हेतू दोघांचाही चांगला होता. एका कुलुपापेक्षा दोन कुलुपे बरी, असा तो हिशेब. पण येथे तो हिशेब चुकतो, आणि का चुकतो हे प्रत्येक घराने समजून घेण्यासारखे आहे.

संगणकाचा विषाणू हा कोणा माणसानेच लिहिलेला आज्ञांचा संच असतो. १९८६ साली लाहोरच्या अल्वी बंधूंनी लिहिलेला 'ब्रेन' हा आयबीएम धर्तीच्या संगणकांवर पसरलेला पहिला विषाणू मानला जातो. तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात असे. पुढे पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्तीचे दुकान चालविणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी अशा विषाणूंवर उतारा तयार केला. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांतच त्यांना हा रोग दिसला होता. त्या छोट्या उद्योगातून 'क्विक हील' ही कंपनी उभी राहिली आणि २०१६ साली तिचे समभाग शेअर बाजारात आले. दोन भावांनी दुखणे निर्माण केले, तर दुसऱ्या दोन भावांनी औषध शोधले, असा हा योग!

विषाणूरोधकाचे काम गावच्या चौकीदारासारखे चालते. आपण कोणतीही फाइल उघडू लागलो की तो तिला दारातच थांबवितो, आपल्या जवळील गुन्हेगारांच्या यादीशी ताडून पाहतो आणि मगच आत सोडतो. हे सारे निमिषार्धात घडते. आता दारात दोन चौकीदार उभे असले, तर पहिला फाइल तपासावयास उघडतो. कोणी तरी फाइल उघडीत आहे हे पाहून दुसरा तिला हात घालतो. दोघेही तिला धरून ठेवतात आणि मालक बाहेर ताटकळत राहतो. कित्येकदा एकाने कोंडून ठेवलेला विषाणू दुसऱ्याला दिसतो आणि तो त्या पहिल्यालाच चोर ठरवितो. यंत्र जुने व स्मृती तुटपुंजी असली, म्हणजे मग सारेच ठप्प होते.

देपालपूर तहशिलीतच गौतमपुरा आहे. तेथे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तुर्रा व कलंगी ही दोन दळे परस्परांवर पेटते हिंगोट फेकतात. त्या झुंजीत भाजते ते मैदानात उभ्या असलेल्या माणसांनाच. संगणकातील झुंजीत मैदान म्हणजे आपले घर.

दुसरीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. चौकीदार घराच्या अगदी आतल्या खोलीपर्यंत जाऊ शकतो. म्हणून त्याची चूक महागात पडते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या संरक्षक प्रणालीला पाठविलेल्या एका सदोष सुधारणेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्या देशातील विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली. जिथे एका चौकीदाराची चूक एवढी भोवते, तिथे विनाकारण दुसरा कशाला नेमावा?

उपाय साधा आहे. विषाणूरोधक एकच ठेवावा. दुसरा नुसता बंद न करता पूर्णपणे काढून टाकावा. पुष्कळ कंपन्या त्यासाठी स्वतःचे साधन देतात. मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. विंडोज १० व ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा रक्षक असतोच. दुसरा नेमला की तो सहसा आपण होऊन बाजूला होतो. जो ठेवाल त्याची यादी रोज ताजी होऊ द्यावी. शिळी यादी घेऊन बसलेला चौकीदार आंधळाच. महत्त्वाची कागदपत्रे व छायाचित्रे वेगळ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क काढून ठेवावी. "तुमच्या यंत्रात विषाणू आहे, या क्रमांकावर फोन करा," असे पडद्यावर झळकले तर मुळीच फोन करू नये. तो बहुधा चोराचाच दरवाजा असतो. पैसे गेलेच तर विनाविलंब १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी. या दक्षतेची जागा कोणताही चौकीदार घेऊ शकत नाही.

आम्ही दुसरा पहारेकरी काढला, यंत्र पुन्हा सुरू केले. चहाचे कप रिकामे होण्याच्या आत पडदा उजळला. भाऊजी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मुलाला हाक मारून जवळ बसविले आणि म्हणाले, "बाळ, चूक माझी झाली. आधी विचारायला हवे होते." मुलाने मान खाली घातली, पण त्या दिवशी दुपारी बापलेक एकाच ताटावर जेवावयास बसले.

यंत्रातील बिघाड घटकाभरात निघाला. शहानिशा न करता घरच्या माणसावर घेतलेला संशय काढावयास मात्र तेवढा एक शब्द लागला, आणि तो वडिलांनीच उच्चारावा लागला.